तीनबुडे काका

पहिल्यांदा भेटायला आलेल्या माणसाला काका आपली ओळख करून देत ती अशी : "मी तीनदा बुडलेला माणूस आहो. बसा." सल्ला मागायला आलेल्याला अशी सलामी मिळाली की तो निमूट बसायचा. एक हॉटेल, एक मंडप-डेकोरेशनचा धंदा आणि एक डिझाइनचं दुकान अशी तीन दुकानं काकांनी वर्ध्यात थाटली आणि यथावकाश तिन्हींना स्वतःच्या हातानं कुलूप लावलं. त्यांचं नाव वसंतराव. खरं आडनाव सांगून उपयोग नाही, कारण गावानं त्यांना 'तीनबुडे' हे आडनाव बहाल केलं होतं आणि ते इतकं चिकटलं की नवखी माणसं 'तीनबुडे साहेब आहेत का' असं अदबीनं विचारत यायची. आमच्या भागातल्या आडनावांचा एकूण थाट पाहता कोणाला शंकाही येत नसे. काका रागावत नसत. "बापाचं आडनाव फुकट भेटलं, हे मात्र मी कमावलं," म्हणायचे.

गंमत अशी, की कोणाला हॉटेल काढायचं असो, लग्नाची कामं घ्यायची असोत, नाहीतर नुकताच शिकून आलेला एखादा डिझायनर दुकानाचा पहिला नकाशा घेऊन हिंडत असो, सगळे काकांकडेच यायचे. ज्यांची हॉटेलं धो धो चालतात त्यांच्याकडे कोणी जात नसे. याचं उत्तर काकांकडे तयार होतं. "चाललेल्याले काय ठाऊक राह्यते? त्याले वाटते, थो हुशार आहे म्हून चाललं. बुडलेल्याले इचारा. त्याले वार ठाऊक असते, वेळ ठाऊक असते, शेवटच्या गिऱ्हाइकाचं तोंड आठवते." पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण आपण शाळेत वहीत लिहितो आणि विसरतो. काकांनी पुढचा होण्याचं कामच पत्करलं होतं.

मी त्या मागच्यांपैकी एक. पुण्यातली नोकरी सोडून वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत भोजनालय काढलं तेव्हा मला वाटत होतं की मला सगळं येतं. ज्वारीची भाकर, भरीत, पाटोडीचा रस्सा, झुणका, ठेचा. भिंतींना मातीचा रंग दिला होता, टांगलेल्या टोपल्यांमधून दिवे सोडले होते. लोक यायचे, फोटो काढायचे, जेवायचे, 'छान आहे हो' म्हणायचे आणि पुन्हा यायचे नाहीत. अशातच एका दुपारी हे गृहस्थ आले. पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, हातात पिशवी. सगळी टेबलं रिकामी असताना ते थेट बेसिनजवळच्या खांबाआडच्या टेबलावर जाऊन बसले. मी म्हटलं, "काका, इकडे पंख्याखाली बसा ना." ते म्हणाले, "नाई. मी सगळ्यात वाईट टेबलावर बसतो."

मला राग आला. माझा स्वभाव तसा लवकर पेटणारा आहे. स्वतःच्या हॉटेलात कोणी येऊन 'हे टेबल सगळ्यात वाईट' म्हणतो म्हणजे काय? काका शांतपणे जेवले. त्यांच्यामागे बेसिनवर हात धुणाऱ्या माणसाने चूळ भरली तेव्हा त्यांनी फक्त खुर्ची थोडी पुढे ओढली. स्वयंपाकघराचं दार उघडून खुर्चीला लागलं तेव्हा थोडी मागे ओढली. जेवण झाल्यावर मला बोलावलं. "बाई, हाटेल भरलं म्हंजे कोनीतरी इथं बसतेच. चांगल्या टेबलावरचा माणूस घरी जाऊन जेवणाचं सांगते. इथं बसलेला माणूस बेसिनचं सांगते. मालकानं रोज इथं जेवलं पाह्यजे." दुसऱ्या दिवशी कोणी पाहत नाहीसं बघून मी त्या टेबलावर जेवायला बसले आणि अर्ध्या भाकरीत उठले. बेसिन मागच्या अंगणात गेलं, दार उलट्या बाजूला उघडायला लागलं. लोक परत यायला लागले, आणि काका तर रोजच यायला लागले. त्यांच्यामागोमाग सल्ला विचारणारे आले. खांबाआडचं ते टेबल म्हणजे त्यांची कचेरीच झाली.

त्यांचं स्वतःचं हॉटेल कशानं बुडालं तेही त्यांनीच सांगितलं. कोथिंबिरीच्या सांबारवडीपासून चायनीजपर्यंत सगळं मिळायचं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. एका माणसानं डोसा मागितला तर डोश्याचा तवा आणला, दुसऱ्यानं पावभाजी मागितली तर तो तवा आणला. "शेवटी हाटेलात तवे जास्त आन् माणसं कमी झाली," असं सांगताना ते स्वतःच इतके हसायचे की ठसका लागायचा. हॉटेल काढायला निघालेल्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "काय नाई ठेवणार थे सांग." तो गोंधळला की म्हणायचे, "घरी जाय. ठरवून येजो."

डिझाइनचं दुकान त्यांच्या जास्त जिव्हाळ्याचं होतं. हात चांगला होता त्यांचा. एका मिठाईवाल्याची पाटी त्यांनी इतक्या वळणदार अक्षरांत काढली की गावात तिचं कौतुक झालं, आणि बाहेरगावचे लोक त्या दुकानात शिरून दागिने दाखवा म्हणू लागले. त्या पाटीपायी पुढची कामं थांबली आणि दुकान बुडालं; तेव्हापासून नुसत्या देखणेपणाला भुलायचं नाही, असा त्यांनी कानाला खडा लावला. कोणी डिझायनर नकाशा घेऊन आला की काका चष्मा लावून बराच वेळ बघायचे, खरोखर मनापासून 'वा' म्हणायचे आणि मग बोट ठेवायचे. छतातल्या नक्षीच्या खाचांवर, भिंतीतल्या कोनाड्यांवर, काळ्या चकचकीत फरशीवर. "हे पुसन कोण?" बस, एवढंच. एका मुलीनं त्यांच्याशी वाद घातला की काका, डिझाइन म्हणजे काय फक्त झाडूपोछा असतो का. काका म्हणाले, "नाई ना, पोरी. पण उद्घाटनाच्या दिवशी तू राह्यशील. दुसऱ्या दिवसापासून झाडूच राह्यन." ती हसली आणि खाचा काढून टाकल्या. आता तिची कामं नागपूरपर्यंत असतात आणि ती पहिल्या भेटीतच सफाईवालीला बोलावते.

पण काकांचा खरा हातखंडा लग्नाच्या कामांत होता. मंडपाचा धंदा करताना त्यांनी एका लग्नात स्टेजवर धूर सोडणारं यंत्र लावलं होतं. धूर इतका निघाला की नवरा-नवरी दिसेनात, आणि नवऱ्या मुलाची आई खोकत खोकत खाली उतरली ती जेवायच्या मंडपात जाऊन बसली. काकांच्या म्हणण्याप्रमाणे धंदा धुरानं बुडाला नाही. त्या मुलाच्या आत्याचे यजमान, म्हणजे घरचे मोठे जावई, त्यांना कोणी आधी विचारलं नव्हतं. ते आधीच फुगून बसले होते. धूर निघाल्याबरोबर त्यांना निमित्त मिळालं आणि त्यांनी पुढच्या सगळ्या लग्नसराईत, जातील त्या लग्नात, काकांची कीर्ती गायली.

यातून काकांचा तो प्रसिद्ध नियम निघाला. "लग्नाचं काम घेतलं का आधी रुसणारा माणूस शोधा. फुलं मंग." प्रत्येक घरात एक असतोच. कधी मोठे जावई, कधी मामा, कधी शेजारचे निवृत्त साहेब. पहिल्या बैठकीला तो कोपऱ्यात बसलेला असतो आणि म्हणतो, 'माझं काही नाही, तुम्ही ठरवा.' हे वाक्य जो बोलेल तोच तो, असं काका छातीठोक सांगायचे. त्याला बिल्ला लावायचा, हाती काहीतरी द्यायचं आणि दर अर्ध्या तासानं त्याच्यापाशी जाऊन 'साहेब, हे असं ठीक आहे ना' असं विचारायचं. नालवाडीतला डेकोरेशनवाला शुभम हा नियम पाळून पाळून इतका पुढे गेला की आता दुसऱ्या गावांतूनही त्याला बोलावणी येतात. फुलांचं त्याला अजूनही फारसं कळत नाही, हे आपलं माझं मत.

आता घरातलं सांगते. काकू सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होत्या. तिन्ही दुकानं बुडाली तेव्हा घर उभं राहिलं ते त्यांच्या नोकरीवर. त्यांनी नवऱ्याला कधी घालूनपाडून बोललेलं मी ऐकलं नाही, पण एक म्हण त्यांच्या जिभेच्या टोकावर असायची. काका कोणाला सल्ला देत असले आणि काकू तिथून गेल्या, की चालता चालता म्हणून जायच्या, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं 'आपण कोरडे पाषाण' त्या बोलत नसत. तेवढी त्यांची माया.

मुलगी प्रज्ञा मात्र बापाच्या सल्ल्यांवर चिडायची. दवाखान्यातल्या लॅबमध्ये ती काम करायची. मोजकं बोलणारी, नीटनेटकी पोरगी. लहानपणी शाळेतून आल्यावर ती हॉटेलात बसून अभ्यास करायची, मग मंडपाच्या गोदामात, मग डिझाइनच्या दुकानात. तिन्ही ठिकाणची कुलुपं तिनं पाहिली होती. वर्गात कोणीतरी तिला 'तीनबुडेची पोरगी' म्हणालं होतं आणि ते तिच्या मनातून गेलं नव्हतं. माझ्याकडे वडिलांना न्यायला आली की दारातच उभी राहायची. आत कोणी काकांना काही विचारत असलं तर तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा. एकदा मला म्हणाली, "ताई, आपलं जे जमलं नाई थे दुसऱ्याले शिकवाची बाबाले लाज कशी नाई वाटत?" काकांच्या कानावर ते गेलंच असणार, कारण ते खांबाआडच होते. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. सगळ्या वर्ध्याला हसवणाऱ्या माणसाला घरातल्या या एका चेहऱ्यापुढे बोलता येत नसे, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं.

प्रज्ञाचं लग्न जुळलं ते तळेगावला, हायवेवरच्या एका धाब्याच्या मालकाच्या मुलाशी. मुलगा शिक्षक, चांगला. त्याचे वडील देवरावजी मात्र करड्या आवाजाचे, शब्दाला पक्के आणि रागाला त्याहून पक्के. बैठकीत काकूंनी लपवाछपवी न करता सांगून टाकलं की यांची तीन दुकानं बंद पडली आहेत. देवरावजी म्हणाले, "धंदा म्हटलं का चालतेच." पण त्यांनी काकांकडे एकदा नीट पाहून घेतलं. घरी आल्यावर काकूंनी नवऱ्याला समोर बसवलं. "हे पाहा, दोन गोष्टी. थे तीनबुडे नाव तळेगावात गेलं नाई पाह्यजे. आन् व्याह्याच्या धाब्यावर तुमी एक शब्द बोलाचा नाई. बोल चुकला का पोरीले भोगावा लागते." काकांनी मान डोलावली. मी साक्षीला होते. मला वाटलं, हे काही जमायचं नाही.

लग्नाचं जेवण माझ्याकडे होतं आणि मंडप शुभमकडे. सगळं साधं, पांढरंशुभ्र. बुद्धवंदना झाली, दोघांनी एकमेकांना हार घातले, पाकळ्यांचा पाऊस पडला. काका सकाळपासून छातीवर 'स्वागत प्रमुख' असा रेशमी बिल्ला लावून फाटकाशी उभे होते. हातात गुलाबपाण्याची झारी. शुभम दर थोड्या वेळानं त्यांच्याकडे धावत जायचा आणि विचारायचा, "काका, हे असं ठीक आहे ना?" काका खुशीत माना डोलवायचे. जेवणं आटोपत आली तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि शुभमला गाठलं. "काऊन बे, रुसणारा माणूस म्हून मले पकडलं का तू?" शुभम म्हणाला, "काका, पहिल्या बैठकीत तुमीच म्हटलं ना, माह्यं काई नाई, तुमी ठरवा." त्यानंतर काका जे हसत सुटले ते लेकीला निरोप द्यायची वेळ आल्यावरच थांबले.

लग्नानंतर काही दिवसांनी प्रज्ञाला भेटायला काका, काकू आणि मी माझ्या गाडीनं तळेगावला गेलो. बाजाराचा दिवस होता. देवरावजींनी नुकताच धाबा नवा केला होता. पूर्वी समोर कडुलिंबाखाली खाटा असायच्या, संत्र्याचे व्यापारी, ट्रकवाले, बाजाराला आलेली माणसं तिथं जेवायची. आता त्या जागी काचेचा हॉल, आत एसी, भिंतीवरून वाहणारं पाणी आणि पुढे मोठं काचेचं दार. हॉल रिकामा होता. आम्ही आत बसलो, देवरावजींनी अगत्यानं वाढलं. तेवढ्यात धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ दारासमोर आले. त्यांनी आत पाहिलं, मग आपल्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं. देवळात जाताना काढावी तशी चप्पल काढली, थोडा वेळ तसेच उभे राहिले, पुन्हा चप्पल घातली आणि पलीकडच्या चहाच्या टपरीकडे चालू लागले. थोड्या वेळानं आणखी दोघांनी तसंच केलं.

मी काकांकडे पाहिलं. घास हातात धरून ते दाराकडे बघत होते. तोंड उघडलं. काकूंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला असावा, कारण काका एकदम म्हणाले, "वांग्याची भाजी छान आहे, व्याही." परतताना आर्वीचा फाटा मागे पडेपर्यंत ते गप्प होते. मग स्वतःशीच म्हणाले, "थे दार काढाले पाह्यजे." काकू म्हणाल्या, "तुमच्या तोंडाले कुलूप आहे." काका म्हणाले, "आहे ना. गाडीत तं बोलू द्या." पुढे महिनोनमहिने तळेगावची खबर यायची की धाबा काही चालत नाही. देवरावजींनी पाटी बदलली, आचारी बदलला, काचांवर रंगीत दिवे लावले. प्रत्येक खबरीला काका माझ्यासमोर बसून भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून ठेवायचे आणि खायला विसरायचे. ज्या माणसाला अनोळखी माणसाचं हॉटेल बुडालेलं पाहवत नसे, त्याच्या लेकीचं घर त्या धाब्यावर उभं होतं आणि त्याच्या तोंडाला कुलूप होतं.

आणि एके दुपारी देवरावजी माझ्या भोजनालयाच्या दारात उभे. मी दचकले. "या ना, बसा, जेवा," म्हटलं. ते म्हणाले, "तुमचं जेवण झकासच आहे, लग्नात खाल्लं. पण आज कामानं आलो. इथं तीनबुडे म्हून कोनी जाणकार बसते म्हणे? आमच्या गावात मंडपाच्या कामाले एक पोट्टा आलता, थ्यानं सांगतलं. म्हणे हाटेलाच्या बाबतीत त्याइच्यासारखा माणूस जिल्ह्यात नाई. भेट घालून द्या." तो पोट्टा शुभमच्याच हाताखालचा कोणी असणार; शुभमचा गळा धरावासा वाटला मला. काका खांबाआड जेवत होते. मी म्हटलं, "ते आज आले नाहीत." हे वाक्य संपतं न संपतं तोच आमची वाढणारी शांताबाई स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "तीनबुडे काकाले एक गरम भाकर."

देवरावजी खांबाला वळसा घालून गेले. दोघे व्याही एकमेकांकडे पाहत राहिले. काका हातातला घास ताटात ठेवून उठले. "या, व्याही. बसा."

"तुमी?"

"मीच. तीन दुकानं बुडाली ना, म्हून लोक म्हणते."

देवरावजी बसले. शांताबाई भाकर घेऊन आली. ती कोणाच्या पुढ्यात ठेवावी हे तिला कळेना, तेव्हा तिनं ती दोघांच्या मध्ये ठेवली. देवरावजींनी घसा साफ केला. "आता आलोच आहो, तं सांगा. माह्या धाब्याचं काय चुकते?"

काका म्हणाले, "नाई सांगत."

"काऊन?"

"तुमाले पोरगी दिली, व्याही. मी खरं सांगन. तुमाले राग येईन. थो राग तुमी माह्यावर नाई काढणार, मी पाहुणा. थो तिच्यावर निघन. तिच्या चहाले नाव ठेवसान, तिच्या कामावर जाण्याले नाव ठेवसान. शेजारच्यानं इचारलं असतं तं केव्हाच सांगतलं असतं. तुमाले नाई."

देवरावजींच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, झालं, आता हे उठून जातात आणि प्रज्ञाच्या नशिबी काय येतं कोण जाणे. पण ते उठले नाहीत. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बोलू लागले. "सांगणारीनं सांगतलं मले. काल तुमची पोरगी म्हणाली, 'मामाजी, थे समोरचं दार काढा. लोक चपला काढून उभे राह्यते आन् परत जाते.'"

काकांनी झटकन माझ्याकडे पाहिलं. "मी नाई सांगतलं तिले," ते म्हणाले. खरं होतं ते. आमच्यापैकी कोणीच सांगितलं नव्हतं.

"मले राग आला," देवरावजी म्हणाले. "काल आलेली पोरगी मले धंदा शिकवते. तोंडातून निघून गेलं. म्हटलं, तुया बापाचं कोनतं दुकान चाललं, व? बोलाले नाई पाह्यजे होतं. बोललो. माह्यं पोरगंबी समोर होतं, बाईमाणसंबी."

काकांनी मान खाली घातली. मला त्या माणसाला उठवून बाहेर काढावंसं वाटलं. देवरावजी म्हणाले, "थे रडली नाई. आवाजबी नाई चढवला. म्हणाली, 'एकबी नाई चाललं, मामाजी. म्हून तं मले समजते. बाबा रोज संध्याकाळी मले घेऊन दुकानासमोर उभे राह्यत. कोन आत येते पाहू नको म्हणत, कोन दारातून परत जाते थे पाह्य. मी तेच पाहून लहानाची मोठी झाली. मले लय राग ये त्याचा. पण आपलं घर बुडू नये म्हून सांगून राह्यली.' एवढं म्हणून चहा ठेवाले गेली. मले रातभर झोप नाई. म्हटलं, कोना मोठ्या जाणकाराले इचारू, थो म्हणन का पोरगी चुकली. आन् पाहा, कुठं आलो."

काका दुपट्ट्याचं टोक हातात धरून बसले होते. मग त्यांच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. ज्या पोरीनं आयुष्यभर त्यांच्याकडे दगडी चेहऱ्यानं पाहिलं, तिनं परक्या घरात भर माणसांत बापाची बाजू घेतली होती, आणि कशी घेतली तर त्याच्या बुडण्याला विद्या म्हणून. मीही रडत होते. शांताबाईला काही कळलं नव्हतं, तरी तीही रडत होती.

देवरावजींना अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, "मंग आता तं सांगा. दार काढू का ठेवू?"

"तिनं सांगतलं ना?" काका म्हणाले. "मंग मले काऊन इचारता?" आणि मधली भाकर मोडून त्यांनी अर्धी व्याह्यांच्या पुढ्यात सरकवली. दोघे जेवले.

दार निघालं. त्या काचा मागच्या खोलीला लागल्या, ज्यांना एसी हवा ते तिथं बसतात. समोर कडुलिंबाखाली पुन्हा खाटा आल्या. बाजाराच्या दिवशी आता तिथं जागा मिळत नाही, असं प्रज्ञाचा नवरा सांगतो. देवरावजी चार माणसांत सुनेचं कौतुक करत नाहीत, तो त्यांचा स्वभाव नाही. पण नवा आचारी ठेवायचा झाला तेव्हा त्यांनी आधी तिला त्याच्या हातचं जेवायला लावलं.

इकडे आमचे तीनबुडे काका मात्र त्या दुपारनंतर आम्हाला पहिल्यासारखे मिळाले नाहीत. जेवायला येतात, हसतात, तव्यांची गोष्ट सांगतात. पण सल्ल्याची ती खुमखुमी गेली. मला वाटतं, इतकी वर्षं ते सगळ्या गावाला जे समजावून सांगत होते ते एकाच माणसाला ऐकवायचं होतं, आणि तिनं तर ते फार पूर्वीच ऐकून ठेवलं होतं. परवा एक तरुण जोडपं आलं. नालवाडीत लहानसं हॉटेल काढायचंय, जागा पाहून ठेवलीय, काका, जरा सांगा ना. काकांनी सगळं ऐकून घेतलं, नकाशा पाहिला, मनापासून 'वा' म्हटलं. मग खिशातून फोन काढला आणि चष्मा कपाळावर सारत म्हणाले, "थांबा जरा. पोरीले इचारून सांगतो."